भाड्याचे यंत्र आणि परवान्याचे मोजमाप

पाणीपट्टी आकारण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत नळजोडाच्या व्यासावरून वर्षाची रक्कम ठरते. घरात चार माणसे राहोत वा चौदा, आकार तोच. दुसऱ्या रीतीत मीटर बसविलेला असतो आणि जितके पाणी वापरले तितकेच पैसे द्यावे लागतात. पाणी तेच असते, नळही तोच असतो. परंतु कोणाच्या वाट्याला किती खर्च येणार हे काय मोजले जाते यावर अवलंबून राहते. संगणकाच्या क्षेत्रात असाच एक प्रश्न गेल्या अर्धशतकापासून पुन्हापुन्हा उभा राहिला आहे. संगणक चालविण्याची जी परवानगी विकत घ्यावी लागते, ती कशाच्या मापाने मोजावी? यंत्रे दूरच्या केंद्रातून तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागल्यापासून या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे.

एक उदाहरण घेऊ. ॲमेझॉन कंपनीच्या क्लाउड सेवेत ‘एम-5 लार्ज’ या नावाचे एक मध्यम आकाराचे यंत्र 2017 सालापासून भाड्याने मिळते. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील केंद्रात लिनक्स घातलेल्या या यंत्राचा जाहीर दर ताशी 9.6 सेंट आहे. त्याच यंत्रावर विंडोज सर्व्हर हवा असेल, तर दर ताशी 18.8 सेंट होतो. यंत्र तेच, वीज तीच, जागाही तीच, अधिकचे 9.2 सेंट केवळ परवान्याचे आहेत. वर्षाचे 8,760 तास यंत्र अखंड चालू ठेवल्यास यंत्राचे भाडे सुमारे 841 डॉलर आणि परवान्याचे भाडे सुमारे 806 डॉलर पडते. घराच्या भाड्याइतकेच भाडे घराच्या किल्लीसाठी द्यावे, तसा हा प्रकार दिसतो. तो कसा घडून आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कार्यप्रणाली आणि आभासी यंत्र

संगणकाची यंत्रसामग्री स्वतःहून काही करू शकत नाही. स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामाला द्यावा, प्रोसेसरने कोणते काम आधी करावे, तबकडीवर माहिती कोठे लिहावी, ही सारी व्यवस्था पाहणारा एक मूलभूत कार्यक्रम लागतो. त्यालाच कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. हिशेबाचे, रुग्णनोंदीचे किंवा ग्रंथसूचीचे सॉफ्टवेअर या कार्यप्रणालीच्या आधारानेच चालते. त्यामुळे एखादे सॉफ्टवेअर विशिष्ट कार्यप्रणालीसाठी लिहिले गेले असेल, तर त्या प्रणालीचा परवाना घेण्यावाचून ग्राहकाला गत्यंतर नसते.

आभासी यंत्राची कल्पना वाड्याच्या उदाहरणाने समजू शकते. एक प्रशस्त वाडा असतो. मालक त्याचे भाग पाडतो आणि प्रत्येक भागात एकेक बिऱ्हाड राहते. प्रत्येक कुटुंबाला आपले घर स्वतंत्र वाटते. भिंती, छप्पर आणि विहीर मात्र सामाईक असतात. याच रीतीने एका बलाढ्य संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग केले जातात. प्रत्येक भागात वेगळी कार्यप्रणाली नांदते आणि तो भाग स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे वागतो. या भागाला आभासी यंत्र म्हणतात. ‘क्लाउड’ हा शब्द ढगाचा असला, तरी प्रत्यक्षात असे हजारो वाडे असलेली ती भाड्याची वसाहत असते.

सॉफ्टवेअरला किंमत कशी आली

प्रारंभीच्या काळात सॉफ्टवेअरची स्वतंत्र किंमत नव्हती. संगणक घेणाऱ्याला अथवा भाड्याने वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच मिळत असे. जानेवारी 1969 मध्ये अमेरिकी सरकारच्या न्याय विभागाने आयबीएम या बलाढ्य कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात कंपनीने सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी काढण्याचा निर्णय जाहीर केला. मूळ कार्यप्रणाली त्यानंतरही काही वर्षे यंत्राबरोबरच दिली जात होती. तथापि सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू आहे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

1981 साली आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरविली आणि तीच प्रणाली इतर उत्पादकांना देण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. पुढे मायक्रोसॉफ्टने अनेक उत्पादकांशी असे करार केले की, उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक संगणकामागे परवानाशुल्क द्यावे, मग त्या संगणकात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. दुसऱ्या कोणाची प्रणाली बसविणाऱ्याला अशा व्यवस्थेत दोनदा पैसे मोजावे लागत. अमेरिकी न्याय विभागाने या पद्धतीला आक्षेप घेतला आणि 1994 सालच्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टने ती सोडून देण्याचे मान्य केले. काय मोजावे हा केवळ हिशेबनिसाचा प्रश्न नाही, तर स्पर्धा टिकणार की नाही हेही त्यावरून ठरते, हा या प्रसंगाचा धडा होता.

एका यंत्राची अनेक यंत्रे झाली तेव्हा

एक यंत्र, एक कार्यप्रणाली आणि एक परवाना असा हिशेब सरळ होता. आभासी यंत्रांनी तो विसकटला. ही कल्पना नवी नव्हती. आयबीएमने 1972 सालीच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था जाहीर केली होती. परंतु सर्वसामान्य, स्वस्त संगणकांवर ती आणली 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने. तिचे पहिले उत्पादन 1999 मध्ये आले. त्यानंतर 2005 च्या सुमारास सर्वसामान्य संगणकांच्या एकाच प्रोसेसरमध्ये दोन ‘कोअर’, म्हणजे गणन करणारे दोन गाभे, बसविले जाऊ लागले. पुढे चार, आठ, सोळा असे ते वाढत गेले. म्हणजे परवान्याच्या मापाचे दोन्ही आधार एकाच वेळी डळमळले. यंत्र म्हणजे नेमके काय हे निश्चित राहिले नाही आणि प्रोसेसर म्हणजे किती शक्ती हेही निश्चित राहिले नाही.

विक्रेत्यांनी यावर आपापल्या परीने उत्तर शोधले. विंडोज सर्व्हरच्या 2012 सालच्या आवृत्तीत एक परवाना दोन प्रोसेसरांपर्यंत पुरत असे. त्यांत कोअर किती, याची विचारणा नव्हती. 2016 च्या आवृत्तीपासून कोअर मोजले जाऊ लागले. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान आठ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचे परवाने घेणे बंधनकारक झाले. सोळा कोअरची किंमत पूर्वीच्या परवान्याइतकीच ठेवण्यात आली. त्यामुळे लहान यंत्र असणाऱ्याला फरक जाणवला नाही. परंतु प्रत्येकी बारा कोअरचे दोन प्रोसेसर असणाऱ्याचा खर्च दीडपट झाला. यंत्र जुनेच होते, माप तेवढे बदलले होते.

आभासी यंत्रांसाठी दोन प्रकार ठेवण्यात आले. ‘स्टँडर्ड’ परवान्यात एका सर्व्हरवर दोन आभासी यंत्रे चालविता येतात आणि ‘डेटासेंटर’ परवान्यात हवी तितकी. 2016 साली सोळा कोअरसाठी या दोहोंची जाहीर किंमत अनुक्रमे 882 आणि 6,155 डॉलर होती. यावरून सीमारेषा सहज काढता येते. बारा आभासी यंत्रांसाठी सहा स्टँडर्ड परवाने लागतात आणि त्यांचे 5,292 डॉलर होतात. तेरावे यंत्र आले की सातवा परवाना लागतो आणि बेरीज 6,174 होते. म्हणजे बारापर्यंत पहिला प्रकार स्वस्त पडतो आणि तेरापासून दुसरा. प्रणालीचा उपयोग करून घेणाऱ्या प्रत्येक माणसामागे अथवा उपकरणामागे वेगळा प्रवेश-परवाना लागतो, तो खर्च यात धरलेला नाही.

तासाच्या हिशेबाने परवाना

ॲमेझॉनने 2006 साली आभासी यंत्रे ताशी भाड्याने देण्यास आरंभ केला. सर्वांत लहान यंत्राचा दर ताशी 10 सेंट होता आणि त्यावर लिनक्स चालत असे. ऑक्टोबर 2008 मध्ये विंडोजही उपलब्ध झाले. तेव्हा त्याच यंत्राचा दर 12.5 सेंट ठरला. याचा अर्थ असा की, त्या वेळी परवान्याचा भाग यंत्राच्या भाड्याच्या चतुर्थांशाइतका होता. आरंभी दिलेल्या उदाहरणात तो भाड्याच्या जवळजवळ बरोबरीला आला आहे. ही दोन यंत्रे एकसारखी नाहीत, म्हणून आकड्यांची तुलना जपून करावी लागते. परंतु एकंदर दिशा स्पष्ट आहे. यंत्रसामग्री वर्षानुवर्षे अधिक शक्तिमान आणि स्वस्त होत गेली. परवान्याचा दर तसा उतरला नाही. परिणामी एकूण बिलात परवान्याचा वाटा वाढत गेला.

ताशी परवान्याचे लाभही मोठे आहेत. आगाऊ रक्कम गुंतवावी लागत नाही, प्रवेश-परवान्यांची कटकट बहुधा राहत नाही आणि यंत्र बंद केले की आकारणीही थांबते. एका सहकारी बँकेची कल्पना करावी. तिचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते आणि तिने वर वर्णन केलेली दहा यंत्रे घेतली आहेत. ती अखंड चालू राहिली, तर वर्षाला सुमारे 16,469 डॉलर खर्च येईल आणि त्यांपैकी सुमारे 8,059 डॉलर परवान्याचे असतील. परंतु ही यंत्रे दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवसच चालविली, तर खर्च सुमारे 5,866 डॉलरवर येतो, म्हणजे तृतीयांशाहून थोडा अधिक. येथे दर अमेरिकेतील केंद्राचे धरले आहेत. मुंबईच्या केंद्रातील यंत्रभाडे वेगळे असले, तरी आकारणीची रीत तीच आहे.

दीर्घ मुदतीचा करार केल्यास क्लाउड कंपन्या सवलत देतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ॲमेझॉनच्या बाबतीत ही सवलत यंत्राच्या भाड्यावर मिळते, विंडोजच्या परवान्यावर नव्हे. त्यामुळे सवलत जितकी मोठी, तितका परवान्याचा वाटा प्रमाणाने अधिक.

दुसरी गोष्ट यंत्राच्या निवडीची. ॲमेझॉनच्या आकारणीत विंडोजचा परवाना आभासी कोअरच्या संख्येवर, दर कोअरमागे ताशी 4.6 सेंट याप्रमाणे, लागतो. स्मृती मोजली जात नाही. एखाद्या कामाला 16 गिगाबाइट स्मृती हवी असेल, तर ती चार कोअरच्या ‘एम-5 एक्स्ट्रा लार्ज’ यंत्रातही मिळते आणि दोनच कोअरच्या ‘आर-5 लार्ज’ यंत्रातही मिळते. विंडोजसह पहिल्याचा दर 37.6 सेंट आहे, तर दुसऱ्याचा 21.8 सेंट. ज्या कामाला गणनशक्तीपेक्षा स्मृतीच अधिक लागते, त्या कामासाठी पहिले यंत्र घेणारी संस्था न लागणाऱ्या कोअरचे भाडे तर देतेच, पण त्यांच्या परवान्याचे शुल्कही देत राहते.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे लिनक्स. लिनस टोर्वाल्ड्स यांनी 1991 साली तिचा आरंभ केला आणि 1992 पासून तिचा गाभा अशा परवान्याखाली आहे की, ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी. परवान्याचे शुल्क येथे नाही. परंतु प्रणाली सुरक्षित ठेवणे, दोष आढळताच दुरुस्ती पोहोचविणे, अडचणीच्या वेळी मदत करणे, ही कामे कोणीतरी करावीच लागतात. रेड हॅट या कंपनीने नेमकी हीच सेवा वार्षिक वर्गणीच्या रूपाने विकली. आयबीएमने 2019 साली ही कंपनी 34 अब्ज डॉलरला विकत घेतली, यावरून या सेवेचे मोल लक्षात यावे.

ज्यांना वर्गणी परवडत नसे, त्यांच्यासाठी सेंटओएस ही रेड हॅटच्या प्रणालीशी मिळतीजुळती विनाशुल्क आवृत्ती होती. तिच्या आठव्या आवृत्तीची देखभाल 2021 अखेर थांबविण्यात येईल असे डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाले. ज्या संस्थांनी दीर्घकाळाच्या भरवशावर ही आवृत्ती बसविली होती, त्यांना एका वर्षाच्या आत दुसरी वाट शोधावी लागली. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन नव्या विनाशुल्क प्रणाली 2021 साली याच गरजेतून पुढे आल्या.

मापाचा प्रश्नही येथे टळत नाही. क्लाउडमधील रेड हॅटच्या आकारणीत पूर्वी दोनच पायऱ्या होत्या. चार आभासी कोअरपर्यंतच्या यंत्राला ताशी 6 सेंट आणि त्याहून मोठ्या कोणत्याही यंत्राला 13 सेंट. 2024 साली ही रीत बदलून आकार कोअरच्या संख्येच्या प्रमाणात ठेवण्यात आला. अगदी लहान यंत्रे वापरणाऱ्यांना यातून दिलासा मिळाला आणि फार मोठी यंत्रे वापरणाऱ्यांवर बोजा पडला. प्रणालीत काहीच बदल झाला नव्हता. बदलली ती मोजपट्टी.

परवाना कोणाच्या वाड्यात चालेल

ज्या संस्थेने पूर्वीच विंडोज सर्व्हरचे परवाने विकत घेतले आहेत, तिला ते भाड्याच्या यंत्रावर वापरता येतील काय, हा यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर यंत्र कोणाचे, यावर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अझूर या क्लाउड सेवेत, ठरावीक देखभाल करार असलेल्या ग्राहकाला आपला जुना परवाना लागू करून ताशी परवानाशुल्क वाचविता येते. मोठ्या स्पर्धकांकडे तसे नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून मायक्रोसॉफ्टने आपले नियम बदलले. ॲमेझॉन, गूगल आणि अलीबाबा या मोठ्या स्पर्धकांच्या, एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या सर्व्हरवरसुद्धा त्या तारखेनंतर घेतलेले विंडोज सर्व्हरचे परवाने नेता येणार नाहीत असे ठरले. विकत घेतलेली किल्ली एका वाड्यात चालावी आणि शेजारच्या वाड्यात चालू नये, अशी ही स्थिती आहे.

युरोपातील क्लाउड कंपन्यांच्या संघटनेने याविरुद्ध 2022 साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. जुलै 2024 मध्ये तिची मायक्रोसॉफ्टशी तडजोड झाली. ॲमेझॉन व गूगल त्या तडजोडीत नव्हते. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने आपल्या चौकशीचा अंतिम निर्णय 31 जुलै 2025 रोजी दिला. मायक्रोसॉफ्टच्या परवानापद्धतीमुळे क्लाउड क्षेत्रातील स्पर्धेची हानी होते, असा निष्कर्ष त्यात नोंदविला आहे. मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला नाही. निर्मात्याला आपल्या निर्मितीचे मोल ठरविण्याचा अधिकार किती, आणि त्या अधिकाराने दुसऱ्या बाजारपेठेचे दार किती अडवावे, हा वाद 1994 साली होता तसाच आजही जिवंत आहे.

भारतातील संदर्भ

हा वाद दूरदेशीचा मानून चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली आणि ॲमेझॉनने 2016 साली मुंबईत. बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि शासकीय खाती आपली कामे अशा केंद्रांकडे सोपवू लागली आहेत. भारत सरकारने 2015 साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयीचे धोरण जाहीर केले. शासकीय प्रकल्पांत मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावे आणि तो वगळायचा झाल्यास पुरवठादाराने त्याचे समर्थन करावे, असे त्यात म्हटले आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस ही भारतीय भाषांना सामावून घेणारी लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली 2007 साली पुढे आणली होती. पर्याय अस्तित्वात आहेत. परंतु नित्याचे सॉफ्टवेअर ज्या प्रणालीवर बांधले गेले, ती प्रणाली बदलणे म्हणजे घराचा पाया बदलणे होय. म्हणून सॉफ्टवेअर खरेदीच्या पहिल्याच दिवशी घेतलेला निर्णय पुढील अनेक वर्षांचे परवानाशुल्क ठरवून टाकतो.

यावरून संस्थाचालकांनी काही प्रश्न आधीच विचारणे हिताचे ठरते. परवाना कशावर मोजला जातो: कोअर, यंत्र, तास की माणूस? यंत्र रात्री बंद ठेवता येईल काय? सवलत कोणत्या भागावर आहे? जवळचा परवाना दुसऱ्या केंद्रात नेता येईल काय? आणि विक्रेत्याने मोजमाप बदलले, तर बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय?

वीज, पाणी व धान्य यांची मापे समाजाने फार पूर्वी ठरविली, आणि ती खोटी असू नयेत म्हणून कायदे केले. शेर, मण, मैल यांच्या जागी किलो आणि किलोमीटर आले, ते सर्वांसाठी एकाच नियमाने. परवान्याचे माप मात्र अद्याप विकणाऱ्याच्या हाती आहे आणि तो ते बदलू शकतो. बिलातील शेवटचा आकडा पाहून ग्राहक दराविषयी तक्रार करतो. परंतु त्याने आधी पाहावयाची गोष्ट दर ही नसून माप ही आहे.